खिडकी बदलण्याआधी एकदा काच उचलून बघा

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "खिडकी नीट लागत नाहीये, कोणाकडे चांगला माणूस आहे का?" त्याखाली दोन-तीन नंबर पडतात. मग कोणीतरी लिहितं, "आम्ही खूप खटपट केली, शेवटी अख्खी बदलून घेतली." झालं. विषय संपतो आणि पुढच्या महिन्यात आणखी चार घरं खिडक्या बदलायला निघतात.

आमच्याकडे हेच चाललं होतं. पुण्याच्या पूर्वेकडे वाढलेल्या नव्या वस्तीतली आमची अकरा मजल्यांची इमारत. ताबा मिळून साडेचार वर्षं झालेली. सगळीकडे यूपीव्हीसीच्या, बाहेर उघडणाऱ्या, एका बाजूला बिजागरी असलेल्या खिडक्या. माहितीपत्रकात त्या खिडक्यांचं केवढं कौतुक होतं! आवाज येणार नाही, धूळ येणार नाही, गंज नाही, रंगकाम नाही. चौथ्या वर्षापासून मात्र पल्ले खाली उतरायला लागले. हँडलच्या बाजूचा खालचा कोपरा चौकटीला घासायचा. हँडल फिरवायला दोन हात लागायचे. ओढून बंद केली तरी वरच्या कोपऱ्यात फट राहायची आणि पावसाचं पाणी सरळ गादीवर. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी तर एक खिडकी नायलॉनच्या दोरीने कपाटाच्या कडीला बांधून ठेवली होती.

कमिटीने यादी केली तेव्हा ४४ घरांत मिळून ३१ पल्ले उतरलेले निघाले. एका कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने दोन घरांत हँडल फिरवून बघितलं आणि सांगून टाकलं, "शटर गेलेत साहेब, नवीन घ्यावे लागतील." एका पल्ल्याला नऊ हजार. म्हणजे सगळे मिळून पावणेतीन लाखांच्या वर. मीटिंगमध्ये चर्चा सुरू झाली ती थेट पैसे कसे गोळा करायचे यावर. पल्ले उतरलेच का, हे कोणीही विचारलं नाही.

मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. खिडक्यांतलं मला काही कळत नाही. पण कर्जाच्या फाइली वाचून एक सवय लागली आहे. एकाच प्रकारचं खातं एकाच वेळी ३१ ठिकाणी थकलं, तर दोष खातेदारांमध्ये नसतो, कर्ज देण्याच्या पद्धतीत असतो. तसंच इथे. ३१ घरांनी काही ठरवून खिडक्या आपटलेल्या नव्हत्या.

मग ओळखीतून लातूरकडचा एक तरुण फिटर मिळाला. बारा वर्षं याच कामात. तो आला, त्याने पल्ला उघडला, हँडलच्या बाजूने हळूच वर उचलून बघितला, टेप काढून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घेतलं, मग दुसरं तिरकं माप घेतलं. दोन्हींत ७ मिलिमीटरचा फरक. "काका, पल्ला गुण्यात नाहीये. पण पल्ला खराब नाहीये. आतली काच मोकळी झालीये."

काच मोकळी झाली म्हणून पल्ला उतरला? मला हे उलटं वाटलं. चौकट काचेला धरून ठेवते असंच आपण समजतो. त्याने जे समजावलं ते मी इथे जमेल तसं सांगतो, कारण हे एकदा कळलं की कोणीही तुम्हाला उगाच नवीन पल्ला विकू शकत नाही.

यूपीव्हीसी म्हणजे मऊ करणारं रसायन न घातलेलं पीव्हीसी. म्हणून ते कडक असतं, पण शेवटी ते प्लॅस्टिकच. त्याच्या पोकळ पट्ट्या ४५ अंशांत कापतात आणि चारही कोपरे तापवून एकमेकांना चिकटवतात. ताकदीसाठी आत जस्त चढवलेली लोखंडी पट्टी सरकवलेली असते. पण ती पट्टी कोपऱ्याच्या अलीकडेच संपते. कोपऱ्यात लोखंड लोखंडाला जोडलेलं नसतं. तिथे असतो फक्त प्लॅस्टिकचा सांधा.

आता वजन बघा. काचेचा साधा हिशोब आहे: एक चौरस मीटर काचेच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीला अडीच किलो. दोन फूट बाय चार फुटांची ५ मिमी जाडीची काच नऊ किलोच्या वर जाते. दुहेरी काच असेल, म्हणजे ५ आणि ५, तर साडेअठरा किलो. हे सगळं वजन एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लटकतं. पल्ला उघडा असताना हँडलची बाजू अधांतरी असते. चार कोपऱ्यांच्या प्लॅस्टिकच्या सांध्यांनी हा भार वर्षानुवर्षं पेलायचा, ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि बनवणाऱ्यांनी ती कधी केलेलीही नाही.

मग भार कोण पेलतं? काचच! गावाकडच्या गोठ्याचं किंवा शेताच्या फाटकाचं फळ्यांचं दार आठवा. मागच्या बाजूला एक तिरकी फळी ठोकलेली असते. ती खालच्या बिजागरीपाशी सुरू होते आणि वर कडीच्या बाजूच्या कोपऱ्याकडे जाते. ती फळी काढली की दार महिन्याभरात लोंबतं. ती आहे तोवर कडीच्या बाजूचं वजन त्या फळीतून खालच्या बिजागरीकडे ढकललं जातं. यूपीव्हीसीच्या पल्ल्यात ही तिरकी फळी म्हणजे काच. काच दाबाखाली कमालीची ताठ असते, वाकत नाही. ती पल्ल्यात योग्य दोन कोपऱ्यांत अडकवली की अख्खा पल्ला ताठ उभा राहतो.

अडकवायची कशी? काचेच्या भोवती मुद्दाम काही मिलिमीटरची फट ठेवलेली असते, कारण पीव्हीसी उन्हात लोखंडापेक्षा पाचपट तरी जास्त फुगतं आणि काचेला श्वास घ्यायला जागा लागते. त्या फटीत ठराविक ठिकाणी प्लॅस्टिकच्या छोट्या चपट्या पट्ट्या घालतात. कारागीर त्याला पॅकिंग म्हणतात. १, २, ३, ५ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. यातली मुख्य ठिकाणं दोन. एक, खाली बिजागरीच्या कोपऱ्यात. तिथे काच बुडाला आणि बाजूला टेकते. दुसरं, बरोबर समोरच्या तिरक्या टोकाला, म्हणजे वर हँडलच्या कोपऱ्यात. बाकीच्या ठिकाणी काच हलू नये एवढंच पॅकिंग.

एवढंच! सगळं रहस्य या दोन कोपऱ्यांत आहे. पॅकिंग घातलंच नसेल, चुकीच्या कोपऱ्यात घातलं असेल, किंवा वाऱ्याने पल्ला आपटून ते सरकलं असेल, तर काच नुसती पल्ल्यात बसून राहते. मग ती तिरकी फळी न राहता फक्त ओझं होते. कोपरे हळूहळू दमतात आणि पल्ला उतरतो.

आमच्याकडे काय झालं होतं ते एका टाकून दिलेल्या पल्ल्याने सांगितलं. दोन घरांनी आधीच स्वखर्चाने मिळून चार पल्ले बदलून घेतले होते आणि जुने पार्किंगमध्ये भंगारवाल्याची वाट बघत पडले होते. फिटरने त्यातल्या एकाची बीडिंग काढली. खालच्या कोपऱ्यात पॅकिंग म्हणून घडी घातलेला खोक्याचा पुठ्ठा. पाण्याने भिजून त्याचा लगदा झालेला. वरच्या कोपऱ्यात काहीच नाही, नुसता सिलिकॉनचा एक गोळा. दुसरा पल्ला उघडला, तिथेही पुठ्ठा. ज्या पल्ल्यांसाठी त्या दोन घरांनी छत्तीस हजार मोजले, ते सांध्यांतून, लोखंडातून, काचेतून धडधाकट होते. फक्त मूठभर प्लॅस्टिकच्या पट्ट्या कमी पडल्या होत्या.

त्यानंतर त्याने काकूंची दोरीने बांधलेली खिडकी आमच्यासमोर दुरुस्त केली. ती कशी केली ते लिहितो. घरी स्वतः करून बघा असं मी म्हणत नाही. पण समोर काम चाललेलं असताना काय बघायचं ते कळावं म्हणून.

१. आधी पल्ला उघडून हँडलच्या बाजूने थोडा वर उचलला. बिजागरी खुळखुळत असेल किंवा तिचे स्क्रू नुसत्या प्लॅस्टिकमध्ये बसून ढिले झाले असतील, तर दोष तिथे आहे. आधी तो काढायचा. वाकलेल्या बिजागरीवर पॅकिंगचा इलाज चालत नाही.

२. पल्ला बंद करून आतल्या बाजूने बीडिंग काढली. पातळ पट्टी मधोमध घुसवून, आधी लांब बाजूच्या, मग आखूड. काच आत पडू नये म्हणून दुसरा माणूस हात लावून उभा. कोणती बीडिंग कुठली हे पेन्सिलीने लिहून ठेवलं. जागा बदलली की कोपऱ्यात फट दिसते.

३. खाली बिजागरीच्या कोपऱ्यात, कोपऱ्यापासून चार बोटं सोडून, काचेखाली आणि काचेच्या बाजूला नवीन पॅकिंग घातलं. दुहेरी काच असेल तर पट्टी दोन्ही काचांखाली पोचेल एवढी रुंद हवी. एकच काच टेकली तर दुसरी खाली ओढली जाते, दोन्हींना जोडणारा सांधा फाटतो आणि आत कायमचं धुकं धरतं. खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायची भोकं असतात, ती पॅकिंगने बुजवायची नाहीत.

४. मग वर हँडलच्या कोपऱ्यात. इथे त्याने प्लॅस्टिकचा चपटा उचकटणा काच आणि चौकट यांच्यामध्ये घालून हळूच दाब दिला. आमच्या डोळ्यांसमोर पल्ल्याचा तो कोपरा वर आला! त्या फटीत पॅकिंग सरकवलं. पुन्हा दोन्ही तिरकी मापं घेतली. फरक १ मिलिमीटरवर आला होता. "अजून घालतो" असं मात्र त्याने म्हटलं नाही. जास्त ठासलं तर पट्टी बाहेर फुगते आणि कोपऱ्याचा सांधा तडकतो.

५. पल्ला उघडून, बंद करून, हँडल फिरवून बघितलं. लॉकचे सगळे बिंदू आपापल्या खाचेत बसले तेव्हाच बीडिंग परत लावली. आधी आखूड, मग लांब, रबरी हातोडीने. काचेच्या कडेला धातूचं हत्यार एकदाही लागू दिलं नाही. टफन काचेची ताकद पृष्ठभागावर असते, कड मात्र नाजूक. कडेला एक टोला बसला तर क्षणात चुरा.

चाळीस मिनिटं लागली. मजुरी साडेचारशे रुपये, पॅकिंगसकट. काकूंनी खिडकी चार वेळा उघडून लावून बघितली आणि दोरी सोडून ठेवून दिली.

इथवरची गोष्ट कारागिरीची. पुढची पैशाची आणि हक्काची आहे. खरं तर त्यासाठीच ही पोस्ट लिहितोय.

मीटिंगमध्ये एक सूर असा निघाला की साडेचारशेत काम होतंय ना, मग करून टाकू आणि मोकळे होऊ. बिल्डरच्या मागे कोण लागणार? मला हे पटलं नाही. पुठ्ठा आपण घातला नव्हता. दुरुस्ती स्वस्त आहे म्हणून तिचं बिल चुकीच्या माणसाने भरावं असं होत नाही. शिवाय आमच्याकडे घड्याळ चालू होतं. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला, दर्जातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर तो त्याने जादा पैसे न घेता तीस दिवसांत दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर घर घेणाऱ्याला भरपाई मागता येते. बऱ्याच लोकांना वाटतं की पाच वर्षं म्हणजे फक्त भिंतीच्या तड्यांसाठी. तसं नाही. कारागिरी आणि दर्जा हे शब्द कायद्यात स्पष्ट आहेत. काचेखाली पुठ्ठा ही कारागिरी नसेल तर दुसरं काय?

आमची पाच वर्षं पुरी व्हायला जेमतेम पाच महिने उरले होते. पहिल्या पत्राला बिल्डरचं उत्तर आलं, ते दोन ओळींचं. "सदर बाब नियमित वापरातील झीज असल्याने आमची जबाबदारी राहत नाही." 'खिडकी लागत नाही' एवढ्या तक्रारीला असं उत्तर देणं सोपं असतं. म्हणून दुसऱ्या पत्रात आम्ही तक्रारीचा सूर बदलला. ३१ पल्ल्यांचा तक्ता केला. घर क्रमांक, कोणती खिडकी, दोन्ही तिरकी मापं, फरक. सोबत बीडिंग काढलेल्या पल्ल्यांचे फोटो, त्यात पुठ्ठा ठसठशीत दिसणारा. ताब्याची तारीख. कलमाचा आकडा. पत्र पोचल्याची पोच.

या वेळी झीज हा शब्द आला नाही. साइट इंजिनीअर आला, बघून गेला आणि चहा घेताना एक खरी गोष्ट बोलला. खिडक्यांचं काम चौरस फुटाच्या दराने ठेकेदाराला दिलेलं. त्याने ते पुढे दुसऱ्याला दिलेलं. बसवणाऱ्या पोरांना दिवसाला जितक्या खिडक्या, तितके पैसे. पॅकिंगचा डबा संपला की नवीन येईपर्यंत थांबणं त्यांना परवडणारं नव्हतं. पुठ्ठा समोर पडलेला होता.

मला त्या पोरांचा राग येत नाही. त्यांना कोणी सांगितलंच नसेल की ती दोन बोटांची पट्टी म्हणजे खिडकीचा कणा आहे. राग येतो तो कागदावर सही करणाऱ्यांचा. करारात 'यूपीव्हीसी खिडक्या' एवढं लिहिलं की जबाबदारी संपली असं धरणाऱ्यांचा. वस्तू चांगली असून भागत नाही, बसवणं चांगलं लागतं. आपल्याकडे बांधकामात ही बसवण्याची कला कुठेच मोजली जात नाही. दर असतो तो वस्तूला. हाताला नसतो.

निकाल सांगतो. सव्विसाव्या दिवशी बिल्डरची माणसं आली. ३१ पैकी २६ पल्ले नुसतं पॅकिंग नीट करून सरळ झाले. चार ठिकाणी बिजागरी बदलावी लागली. एका पल्ल्याचा कोपरा खरंच तडकला होता, तो नवीन मिळाला. म्हणजे नऊ हजारांचा नवीन पल्ला ३१ मधल्या फक्त एकाला लागला. सभासदांकडून एक रुपया गोळा करावा लागला नाही.

पण सगळं गोड झालं असं नाही. ज्या दोन घरांनी आधीच छत्तीस हजार भरून पल्ले बदलले, त्यांना काहीच मिळालं नाही. बिल्डरचं म्हणणं, दोष दाखवायच्या आधीच वस्तू काढून टाकली, आता मी काय दुरुस्त करू? त्यातले एक पेन्शनवर जगणारे गृहस्थ आहेत. त्यांनी तेव्हा तेच केलं होतं जे ग्रुपवर सगळे सांगत होते.

म्हणून मंडळी, तीन गोष्टी.

खिडकी लागत नसेल तर बदलायचा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, तिरकी मापं घेतलीत का? बीडिंग काढून पॅकिंग बघितलंत का? उत्तर नाही असेल तर त्याला चहा पाजून निरोप द्या. (सरकत्या खिडक्यांचं गणित वेगळं आहे. तिथे भार खालच्या चाकांवर असतो, त्यामुळे आधी चाकं बघायची.)

नवीन घराचा ताबा घेताना आपण टाइल नाण्याने वाजवून बघतो, नळ सोडून बघतो. तसाच प्रत्येक पल्ला पूर्ण उघडा, दोन मिनिटं तसाच ठेवा, मग एका बोटाने लावून बघा. तो घासला तर ताब्याच्या कागदावरच लिहा.

आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. उतरलेल्या पल्ल्याचं लॉक खाचेत बसत नाही, आणि लॉक न बसलेली खिडकी वादळात उघडते. खिडकी आपली असते, पण सातव्या मजल्यावरून ती निखळली तर खाली डोकं दुसऱ्याचं असतं.

तुमच्या इमारतीला अजून पाच वर्षं झाली नसतील, तर ताब्याचं पत्र कपाटातून काढा आणि तारीख बघा. किती महिने उरलेत ते मोजा. टेप दहा मिनिटांत सगळ्या खिडक्यांवरून फिरते.